रिकामी पेटी

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला गणित शिकवीत. वर्षातून एकदा ते फळ्यावर मुद्दाम न सुटणारे उदाहरण घालीत. तासभर आम्ही वह्या खरडीत असू. एखाद्याने ओढूनताणून उत्तर काढलेच, तर गुरुजी चष्म्यावरून पाहत आणि विचारीत, "हे तुला सापडलं, की तूच ठेवलंस?"

यंदाचे पुष्प गुंफण्याची आज्ञा झाली तेव्हा माझ्याकडून संतवाङ्मयाची अपेक्षा असणार, हे मी जाणून होतो. परंतु शाळेचा एक माजी विद्यार्थी दिवाळीत घरी आला असता त्याने मला मूलकणभौतिकीच्या काही परिषदांची हकिगत सांगितली, आणि गुरुजींचा तो प्रश्न पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा कानांवर आला. पुढे मी जमेल तेवढे वाचले. भौतिकी हा माझा प्रांत नव्हे. तेव्हा विवेचनात शास्त्रीय सफाई कमी आढळल्यास श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत भूमीखाली २७ किलोमीटर परिघाचे एक वर्तुळाकार यंत्र आहे. लार्ज हेड्रॉन कोलायडर हे त्याचे नाव. इंदूरकरांना ते अगदीच परके नाही. त्या बोगद्यात प्रत्येकी सुमारे पंधरा मीटर लांबीची १२३२ मुख्य चुंबके आहेत. ही अजस्र चुंबके ज्या नाजूक आधारांवर केसाच्या जाडीच्या हिशेबाने वरखाली करून बसवली गेली, ते सुमारे सात हजार आधार भारताने पुरवले. आणि त्या कामात सुखनिवासजवळच्या आपल्या केंद्राचा मोठा वाटा होता. आज ते राजा रामण्णा केंद्र म्हणून ओळखले जाते. आम्ही जुने लोक त्याला अजून 'कॅट'च म्हणतो.

यंत्र चालू असताना प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. त्यांतील फारच थोड्या टक्करींची नोंद कायमची ठेवता येते. उरलेल्या त्याच क्षणी टाकून द्याव्या लागतात. म्हणजे काय ठेवावे आणि काय टाकावे, हा निर्णय माणसाच्या हाती राहूच शकत नाही. तो यंत्राने करायचा. येथेच ज्याला मशीन लर्निंग म्हणतात त्या यंत्रशिक्षणाचा या शास्त्राशी संबंध येतो. नियम लिहून देण्याऐवजी उत्तरे ठाऊक असलेली हजारो उदाहरणे संगणकापुढे ठेवायची, आणि त्याने चुकत चुकत स्वतःचे आडाखे सुधारत न्यायचे, असा हा मार्ग आहे.

हा संबंध समजला जातो तितका नवा नाही. टक्करीतून निघालेला कण संवेदकांच्या थरांवर केवळ ठिपके सोडून जातो. त्याचा मार्ग आपण जुळवायचा असतो. एकाच अंगणात वीस जणींनी रांगोळीचे ठिपके घातले आणि रेषा काढायच्या आधीच सगळ्या निघून गेल्या, तर कोणता ठिपका कोणत्या रांगोळीचा हे ओळखणे जसे कठीण, तसेच हे काम. १९८८-८९ च्या सुमारास ब्रूस डेन्बी आणि स्वीडनमधील लुंडचे कार्स्टन पीटरसन यांनी स्वतंत्रपणे एक युक्ती सुचवली. दोन ठिपके जोडणारी प्रत्येक संभाव्य रेघ म्हणजे एक कृत्रिम चेतापेशी मानायची. एका सरळ ओळीत येणाऱ्या रेघांनी एकमेकींना बळ द्यायचे, एकाच ठिपक्यातून फुटणाऱ्या रेघांनी एकमेकींना दडपायचे. हे जाळे स्थिरावले की ज्या रेघा उरतात तो कणाचा मार्ग. या युक्तीचा पाया जॉन हॉपफील्ड यांच्या १९८२ मधील संशोधनात होता. त्या हॉपफील्डना जेफ्री हिंटन यांच्यासमवेत २०२४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले, तेव्हा हे भौतिकीच कसे, असा प्रश्न अनेकांनी केला. मूलकणवाल्यांना तो प्रश्न पडण्याचे कारण नव्हते.

१९९० साली फ्रान्समधील लिआँ येथे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उच्च-ऊर्जा भौतिकी यांना एकत्र आणणारी पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. ती मालिका पुढे चालू राहिली आणि २००० साली अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेच्या बैठकीपासून तिने 'अकॅट' हे नवे नाव घेतले. संगणनाला वाहिलेली 'चेप' ही मोठी परिषद तर २००६ च्या फेब्रुवारीत मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या यजमानपदाखाली झाली. नुसती यादी वाढवण्यात मला रस नाही. मला रस आहे तो अशा बैठकांत दोन भिन्न पेशांची माणसे एकमेकांची परिभाषा कशी शिकतात, यात.

त्याचे उत्तम उदाहरण २०१४ चे. हिग्ज बोसॉनचा शोध ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झाला होता. हिग्ज कधी कधी टाऊ नावाच्या दोन कणांत फुटतो. परंतु झेड नावाचा कणही तसाच फुटतो, आणि कितीतरी अधिक वेळा. गर्दीतून हिग्ज निवडायचा कसा? सर्नमधील ॲटलास या प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी कृत्रिमरीत्या घडवलेल्या टक्करींचा साठा कॅगल या स्पर्धामंचावर सर्वांसाठी खुला केला: शिकण्यासाठी अडीच लाख, परीक्षेसाठी साडेपाच लाख. १७८५ संघ उतरले, आणि त्यांतील पुष्कळांना भौतिकीचा गंधही नव्हता. शास्त्रज्ञांना मात्र एक गोष्ट सूत्रात मांडावी लागली, ती म्हणजे त्यांना नेमके काय हवे आहे. संगणकवाले 'शंभरांत किती बरोबर' असे मोजायला सरावलेले. शास्त्रज्ञांना हवे होते ते पार्श्वभूमीच्या गोंगाटातून खरा संकेत किती ठामपणे वर येतो, याचे माप.

या स्पर्धेत शिक्षकाला ओळखीचा वाटेल असा एक प्रकार घडला. स्पर्धा चालू असताना जो धावफलक सर्वांना दिसे, तो परीक्षेच्या साडेपाच लाखांपैकी केवळ एक लाख टक्करींवर आधारलेला होता. अंतिम निकाल लागायचा होता उरलेल्या साडेचार लाखांवर. जे धावफलक पाहून आडाखे बदलत राहिले त्यांची गत गाइडातील प्रश्नोत्तरे घोकून आलेल्या विद्यार्थ्यासारखी झाली. हंगेरीचे गाबोर मेलिश पहिले आले. आपली पद्धत न पाहिलेल्या उदाहरणांवर कितपत टिकते, हे त्यांनी धावफलकाकडे न पाहता स्वतः पुनःपुन्हा तपासले होते. तिआंची चेन आणि तोंग ह यांना वेगळा पुरस्कार मिळाला. त्यांनी वापरलेले एक्सजीबूस्ट हे साधन पुढे जगभर पसरले, भौतिकीतही आणि पेढ्यांतही. त्या डिसेंबरात माँट्रिआल येथील कार्यशाळेत दोन्ही पक्ष समोरासमोर बसले.

येथवर उदाहरणांची उत्तरे ठाऊक होती. खरी अडचण त्यानंतर येते. कोणी कधी न पाहिलेला कण शोधायचा तर उदाहरणे द्यायची कोणती? आणि भास झाला तर? डिसेंबर २०१५ मध्ये सर्नच्या दोन मोठ्या प्रयोगांना ७५० या ऊर्जेच्या आसपास एक उंचवटा दिसला. काही महिन्यांत त्यावर सुमारे पाचशे शोधनिबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत अधिक नोंदी मांडल्या गेल्या, तेव्हा उंचवटा उरलाच नव्हता. प्रयोगकर्त्यांनी शोध लागल्याचा दावा केला नव्हता, हे त्यांच्या श्रेयार्थ नोंदवले पाहिजे. पार्श्वभूमीनेच तसा भास घडवण्याची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक इतकी उतरल्याखेरीज 'शोध' हा शब्द उच्चारायचा नाही, असा त्यांचा दंडक आहे. त्या दंडकाकडे मी आदराने पाहतो. आमच्या क्षेत्रात असा कुठलाच आकडा नाही.

२०२० साली मग एक विलक्षण खेळ मांडला गेला. त्याला त्यांनी कोलायडरचे ऑलिंपिक म्हटले. आयोजकांनी तीन 'काळ्या पेट्या' तयार केल्या. प्रत्येकीत दहा लाख कृत्रिम टक्करी. आत काय दडवले आहे, दडवले आहे की नाही, हेही सांगितले नाही. जानेवारीत न्यूयॉर्कच्या बैठकीत पहिल्या पेटीचे रहस्य उघडले: दहा लाखांत हजारांहूनही कमी टक्करी एका काल्पनिक नव्या कणाच्या होत्या, आणि काही संघ त्याच्या बरेच जवळ पोचले होते. जुलैपर्यंत महासाथ आली होती. उरलेल्या दोन पेट्या दूरस्थ बैठकीत उघडल्या. तिसरीत संकेत होता, पण तो दोन वेगळ्या वाटांनी फुटणारा, म्हणून फार अवघड. दुसऱ्या पेटीत काहीच नव्हते.

माझ्या माजी विद्यार्थ्याने हे सांगितले तेव्हा त्याच्या दृष्टीने मौज तिसऱ्या पेटीत होती. मी मात्र दुसरीपाशीच अडखळलो.

माझ्या पीएच. डी. च्या प्रबंधात मी माळव्यातील एका मठातल्या बाडातील नऊ निनावी अभंग एका संतकवीचे म्हणून सिद्ध केले आहेत. पद्धत शास्त्रीय होती, निदान तशी दिसत होती. त्या कवीच्या ज्ञात अभंगांतून लकबींची यादी केली आणि ती बाडाला लावून पाहिली. यादी करण्याआधी ते नऊ अभंग मी अनेकदा वाचलेले होते, आणि ते त्याचेच असावेत असे मनाने घेतलेही होते. यादीत कोणती लकब घ्यावी, कोणती गाळावी, हे त्या मनानेच ठरवले. पुढे अनेक वर्षांनी दुसऱ्या एका बाडात त्यांतील चार अभंग वेगळ्याच नाममुद्रेसह मिळाले. मी त्यावर एक टिपण लिहिले. छापायला दिले नाही.

शाळेच्या ग्रंथालयात त्या प्रबंधाची एक प्रत आहे. गेल्या महिन्यात ती काढून घेतली आणि त्या चार अभंगांसमोर समासात शाईने 'हे त्यांचे नव्हेत' असे लिहून खाली तारीख घातली. उरलेल्या पाचांसमोर अजून काही लिहिलेले नाही. ज्ञात अभंगांची यादी नव्याने करून देण्यास एक विद्यार्थिनी तयार झाली आहे. तिला ते बाड मी अद्याप दाखवलेले नाही.