मोटारीची बॅटरी बदलताना घ्यावयाची दक्षता
जुनी बॅटरी काढली, नवी बसवली आणि मोटार सुरू झाली, इतके हे काम आता सोपे राहिलेले नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या मोटारींना ‘एजीएम’ किंवा ‘ईएफबी’ प्रकारचीच बॅटरी लागते. साधी बॅटरी त्यांत लवकर निकामी होते. बदलताना ऋण टोकाची तार आधी सोडवावी व शेवटी जोडावी. अन्यथा धन टोकावरील पाना मोटारीच्या सांगाड्याला टेकून शॉर्टसर्किट होऊ शकते. तारांची उलटी जोडणी झाल्यास इलेक्ट्रॉनिक यंत्रणाच जळण्याचा धोका असतो. काही मोटारींत नव्या बॅटरीची नोंद संगणकात करावी लागते. ती न केल्यास चार्जिंग जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने होत राहते. जुन्या बॅटरीत शिसे व गंधकाम्ल असल्याने ती भंगारात न टाकता विक्रेत्याकडेच परत करावी.