पाणकावळ्याचे पिच्छावरण व पंख पसरण्याची सवय

उजनी जलाशय किंवा नांदूर मध्यमेश्वर येथील पाणथळीत वठलेल्या फांद्यांवर पंख पसरून निश्चल बसलेले पाणकावळे नेहमी दृष्टीस पडतात. महाराष्ट्रात या कुलातील तीन जाती आढळतात : सुमारे ५० सेंटिमीटर लांबीचा लहान पाणकावळा, त्याहून मोठा भारतीय पाणकावळा आणि आकाराने सर्वांत मोठा असा थोरला पाणकावळा. तिघेही पाण्याखाली पाठलाग करून मासे पकडतात. असे असता जलचर जीवन कंठणाऱ्या या पक्ष्याची पिसे भिजावीत, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते.

पाणकावळ्यास तैलग्रंथी नसते म्हणून तो भिजतो, असा समज रूढ आहे. परंतु तो यथार्थ नाही. शेपटीच्या मुळाशी असणारी ही ग्रंथी त्यास असते व ती कार्यक्षमही असते. भिजण्याचे कारण तेलाच्या अभावात नसून पिसाच्या रचनेत आहे, ही गोष्ट ए. एम. रायके यांनी १९६८ साली मांडली. पुढे २००५ साली ग्रेमिये व त्यांचे सहकारी यांनी थोरल्या पाणकावळ्याचे पीस तपासले. त्याच्या कडेचा भाग विरळ विणीचा असून तो तत्काळ भिजतो. मध्यभाग मात्र दाट विणीचा व जलरोधक असतो. त्यामुळे बाहेरचा थर ओला झाला, तरी त्वचेलगत हवेचा पातळ थर टिकून राहतो.

या द्विविध रचनेचा लाभ कोणता? पिसांत अडकलेली हवा पक्ष्यास वर उचलते. खोल पाण्यात दाबामुळे ती आकुंचन पावते. उथळ पाण्यात मात्र तिचा अडथळा सर्वाधिक असतो. पाणकावळा बहुधा उथळ पाण्यातच शिकार करतो व चारही बोटे पडद्याने जोडलेल्या पायांच्या रेट्याने पुढे सरकतो. हवा कमी असल्यास बुडून राहण्यास लागणारे श्रम वाचतात.

या लाभाचे मूल्य उष्णतेच्या रूपाने द्यावे लागते. म्हणूनच पाण्याबाहेर येताच पिसे वाळविणे इष्ट ठरते. गॅलापागोस बेटांवरील उड्डाणक्षमता गमावलेला पाणकावळाही आपले खुजे पंख पसरतो. तेव्हा ही सवय केवळ उड्डाणाच्या सोयीसाठी आहे, असे मानणे कठीण जाते. उलटपक्षी, अंटार्क्टिकाजवळील बेटांवरचे निळ्या डोळ्यांचे पाणकावळे पंख पसरताना आढळत नाहीत. अतिशीत वाऱ्यात पंख उघडल्यास होणारी उष्णतेची हानी हे त्याचे संभाव्य कारण होय.

थोरला पाणकावळा ग्रीनलंडमध्ये हिवाळाही काढतो. तेथे तो पाण्यात अल्पकाळच राहतो व तेवढ्यात जलद गतीने भक्ष्य मिळवून उष्णतेची तूट भरून काढतो. तात्पर्य, भिजणारे पीस हे अपूर्ण अनुकूलनाचे लक्षण नव्हे. बुडण्याची सुलभता व देहोष्णतेचे रक्षण या परस्परविरोधी गरजांमधील तो समतोल आहे, आणि पंख पसरण्याची सवय हे त्याचेच एक अंग आहे.