समुद्रावरील साक्षीदार

जमिनीवर वाट चुकलेल्या माणसाला निदान कोणाला तरी विचारण्याची सोय असते. समुद्रावर ती नसते. किनारा दृष्टीआड झाला, की चहूकडे पाणी सारखेच दिसते आणि आपण या घटकेला नेमके कोठे आहोत, हा प्रश्न जहाज चालविणाऱ्याला स्वतःच सोडवावा लागतो. पूर्वी सूर्य, तारे, होकायंत्र आणि खोली मोजण्याची शिसे बांधलेली दोरी यांच्या साहाय्याने तो सोडवीत असत. आज त्याचे उत्तर बहुधा जीपीएसचे एक लहानसे यंत्र देते. उपग्रहांकडून येणारे संदेश घेऊन ते क्षणोक्षणी जहाजाचे अक्षांश-रेखांश सांगते. पण हे यंत्रच बिघडले तर? म्हणून शहाणा दर्यावर्दी अशी दोन यंत्रे बाळगतो. आणि दोन यंत्रे आली, की त्यांपैकी कोणाचे ऐकावयाचे, हा नवा प्रश्न उभा राहतो. तो सोडविणाऱ्या एका छोट्या पेटीविषयी, आणि ती बसविताना घ्यावयाच्या काळजीविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम ही यंत्रे एकमेकांशी बोलतात कशी, ते पाहू. १९८३ साली अमेरिकेतील नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन या संस्थेने त्यांच्यासाठी एक सामाईक भाषा ठरविली. तिला एनएमईए ०१८३ असे म्हणतात. आता तिच्याहून वेगवान भाषा आल्या असल्या, तरी ही जुनी भाषा आजही असंख्य जहाजांवर आणि नौकांवर चालू आहे. तिचा मुख्य नियम साधा आहे: एका तारजोडीवर बोलणारा एकच असावा, ऐकणारे अनेक असले तरी चालेल. प्रत्येक वाक्य बहुधा डॉलरच्या चिन्हाने सुरू होते. पहिली दोन अक्षरे कोण बोलतो हे सांगतात, पुढची तीन कशाविषयी बोलतो हे सांगतात. मग स्वल्पविराम देऊन आकडे येतात आणि शेवटी, आपण गणितात करतो तसा, एक ताळा येतो. ताळा जुळला नाही, तर वाक्य वाटेत बिघडले असे समजून ऐकणाऱ्याने ते टाकून द्यावे.

आता कोणी म्हणेल, की दोन्ही यंत्रांच्या तारा एकत्र पिळून सुकाणू सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्राला का जोडू नयेत? तसे केल्यास दोघेही एकाच वेळी बोलू लागतील आणि ऐकणाऱ्याला एकाचेही कळणार नाही. शिवाय या भाषेचा ठरलेला वेग सेकंदाला ४८०० बिट, म्हणजे सुमारे ४८० अक्षरे इतकाच आहे आणि एक वाक्य ८२ अक्षरांपर्यंत लांब असू शकते. पूर्ण लांबीची पाच-सहा वाक्ये झाली, की सेकंद संपला. म्हणून मध्ये एक पेटी बसवितात. तिच्यात शिरणाऱ्या वाटा दोन किंवा अधिक, बाहेर जाणारी वाट एक. पहिल्या वाटेवरील यंत्र बोलत आहे तोवर ती त्याचेच बोलणे पुढे पाठविते. ते ठरलेले काही सेकंद गप्प राहिले, तर ती दुसऱ्याकडे वळते आणि पहिल्याला पुन्हा वाचा फुटली, की त्याच्याकडे परतते.

पेटी बसविण्याचे काम अवघड नाही, पण ते निगुतीने करावे लागते. जागा कोरडी आणि हात पोहोचेल अशी असावी; होकायंत्रापासून आणि रेडिओच्या एरियलच्या तारेपासून ती दूर असावी. प्रत्येक यंत्राला वीज स्वतंत्र फ्यूजमधून द्यावी. दोन्ही जीपीएस एकाच फ्यूजवर असतील, तर तो जळताच दोघांचीही वाचा एकदम बसेल आणि पेटीपुढे निवडीला काही उरणारच नाही. माहितीच्या दोन तारा एकमेकींत पिळलेल्या असाव्यात. त्यामुळे बाहेरचा उपद्रव दोहोंवर सारखाच होतो आणि दोहोंतील फरकच पाहणाऱ्या यंत्राला तो जाणवत नाही. तारेभोवतीचे जाळीचे वेष्टण एकाच टोकाला जोडावे. दोन्ही टोकांना जोडल्यास त्यातूनच नको असलेला प्रवाह वाहू लागतो. वेगही जुळला पाहिजे. इतर जहाजांची ओळख सांगणारे एआयएस यंत्र बहुधा ३८४०० च्या वेगाने बोलते; ४८०० च्या वेगाने ऐकणाऱ्याला त्यातले अक्षरही समजणार नाही.

इतके झाले, की बहुतेक जण पहिल्या यंत्राची वीज बंद करून पाहतात. पेटी दुसऱ्याकडे वळली, की काम पुरे झाले असे मानतात. येथेच घात होतो. तो कसा, हे एका खऱ्या जहाजाच्या हकिकतीवरून ध्यानात येईल.

९ जून १९९५ रोजी रॉयल मॅजेस्टी हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून अमेरिकेतील बॉस्टनकडे निघाले. निघाल्यावर सुमारे तासाभरातच त्याच्या जीपीएसची तार एरियलपासून सुटली. यंत्र गप्प बसले नाही. उपग्रहांचा संदेश तुटताच ते जहाजाची दिशा आणि वेग यांवरून अंदाजाने स्थान मोजू लागले आणि तोच अंदाज पुढे पाठवू लागले. त्याने क्षणभर चिवचिवाट केला, पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत खूण दाखविली आणि पाठविलेल्या माहितीवर ती ग्राह्य नसल्याचे चिन्हही लावले. पण सुकाणू सांभाळणारी यंत्रणा ते चिन्ह वाचण्यासाठी बनविलेलीच नव्हती. ती स्वतःही एक अंदाज करीत असे व दोहोंत तफावत पडल्यास इशारा देत असे. मात्र तिचा अंदाजही त्याच होकायंत्रावर आणि त्याच वेगमापकावर आधारलेला होता. एकाच शिक्षकाने पढविलेले दोन साक्षीदार जसे एकमेकांस दुजोरा देतात, तसेच येथे झाले. वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला लोटीत होते; ते दोघांपैकी एकालाही दिसले नाही. लोरान नावाचे स्थान सांगणारे वेगळे यंत्र जहाजावर चालू होते, पण त्याच्याशी पडताळा नीट घेतला गेला नाही. खोली मोजणाऱ्या यंत्राची धोक्याची घंटाही शून्यावर ठेवलेली होती. सुमारे ३४ तासांनंतर, १० जूनच्या रात्री, ठरल्या मार्गापासून सुमारे १७ मैल दूर, नँटकेट बेटाच्या पूर्वेला ते वाळूत रुतले. जहाजावर १५०९ माणसे होती. सुदैवाने कोणीही दगावले नाही.

या जहाजावर केवळ मौन ओळखणारी आपली पेटी असती, तर तिचा काही उपयोग झाला असता काय? मुळीच नाही. पहिले यंत्र बोलत होते, वाक्ये वेळेवर येत होती, ताळाही जुळला असता. वाक्य वाटेत बिघडले नाही, इतकेच ताळा सांगतो. ते खरे आहे, असे तो सांगत नाही.

म्हणून पेटी निवडताना एक गोष्ट अवश्य विचारावी: ती वाक्यातील ग्राह्यतेचे चिन्ह वाचते काय? स्थान सांगणाऱ्या नेहमीच्या वाक्यात ए हे अक्षर माहिती ग्राह्य असल्याचे आणि व्ही हे अक्षर ती ग्राह्य नसल्याचे दर्शविते. व्ही दिसताच पेटीने दुसऱ्या यंत्राकडे वळले पाहिजे, आणि वळल्याचे मोठ्या आवाजात सांगितलेही पाहिजे; मुकाट्याने वळणारी पेटी बिघाड लपविते. चाचणी घेताना वीज बंद करावी, माहितीची तार काढावी आणि त्यानंतर एरियलची तार सोडवून पाहावी. ही तिसरी परीक्षाच महत्त्वाची आहे. दुसरी गोष्ट अशी, की दोन साक्षीदार खरोखर वेगळे असावेत: एरियल वेगळे, वीज वेगळी, आणि शक्य तर उपग्रहही वेगळे. रशियाचे ग्लोनास आहे, युरोपचे गॅलिलिओ आहे, आणि भारत व त्याच्या भोवतीच्या सुमारे १५०० किलोमीटरच्या टापूसाठी आपले नाविक आहे.

एवढे करूनही, आकाशातून येणाऱ्या क्षीण संदेशावर विसंबणारी सर्व यंत्रे एकाच वेळी फसू शकतात. पाण्याची खोली, रडारवरील किनारा आणि रात्री दिसणारा दीपस्तंभ यांना त्या संदेशाची गरज नसते. मुंबईच्या बंदरात शिरणाऱ्या नाविकाला खांदेरीचा दिवा दिसतो, तेव्हा त्या उजेडाने दाखविलेली जागा आणि पडद्यावरची जागा जुळते की नाही, हे त्याने दर वेळी पाहावे आणि नोंदवहीत लिहावे. दोन बोलणाऱ्यांतून एकाला निवडण्याचे काम पेटीवर सोपविता येते. बोलणे खरे की खोटे हे बाहेर डोकावून पाहण्याचे काम मात्र पहाऱ्यावरच्या माणसाचेच राहते.