एकाच बहिणीचे सात चेहरे

मोकळी हिरवळ, मावळतीचा उजेड आणि सात तरुणी. हातात टेनिसच्या रॅकेट आहेत, पण नेट नाही, खेळ नाही. कुणी कुणाकडे पाहतही नाही. बेल्जियमचा प्रतीकवादी चित्रकार फेर्नाँ क्नोप्फ याने १८८९ साली पेस्टलच्या खडूंनी काढलेलं हे चित्र, ‘मेमरीज’. नीट पाहिलं की कळतं, सातही जणींचा चेहरा एकच आहे. ती त्याची धाकटी बहीण मार्गरीट.

क्नोप्फ तिला रॅकेट हातात देऊन वेगवेगळ्या पवित्र्यांत उभी करी आणि कॅमेऱ्याने टिपून घेई. त्यातली काही छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. प्रत्येक मुद्रा सुटी टिपलेली, म्हणून चित्रातही प्रत्येक जण सुटीच राहिली. मला हे घोळक्याचं चित्र वाटतच नाही. आपल्याच विचारात हरवलेल्या एका बाईचं ते व्यक्तिचित्र आहे, सात वेळा काढलेलं.

हा परिणाम साधायला पेस्टलच हवं होतं. रंगाची पूड, तिला जेमतेम धरून ठेवण्यापुरता डिंक, आणि दाबून केलेली कांडी, एवढाच हा ऐवज. तेलरंगात तेल रंगकणांना वेढून टाकतं, त्यामुळे पृष्ठभाग चकाकतो. पेस्टलचे कण कागदावर उघडेच बसतात आणि उजेड चहूकडे विखुरतात. मखमली, निस्तेज असा तो पोत. बोटाने हलकेच चोळलं की गालाची कड मागच्या संधिप्रकाशात विरते. मोठाल्या कागदावर हे सांभाळणं सोपं नव्हे, आणि हे चित्र तर तब्बल दोन मीटर रुंद आहे! शिवाय धक्का बसला तर पूड झडते, म्हणून पेस्टलची चित्रं काचेआड जपावी लागतात.

१८९० मध्ये मार्गरीट लग्न होऊन लिएजला गेली. त्याच साली क्नोप्फने ‘सायलेन्स’ काढलं, तेही पेस्टलमध्ये. हातमोजा घातलेलं बोट ओठांशी नेणारी ती उभी बाईही मार्गरीटच.

क्नोप्फचं नाव निघालं की लोकांना आधी आठवतं ते १८९६ चं ‘कॅरेसेस’, चित्त्याच्या अंगाची आणि बाईच्या चेहऱ्याची स्फिंक्स असलेलं. ते आणि ‘मेमरीज’ दोन्ही ब्रसेल्सच्या रॉयल म्युझियम्स ऑफ फाइन आर्ट्सच्या संग्रहात आहेत. स्फिंक्स पाहताक्षणी धक्का देते, आणि तिचं गूढ तिथेच संपतं. रॅकेट घेऊन उभ्या असलेल्या मार्गरीटचं संपत नाही. माझ्या लेखी क्नोप्फचं मोठं काम ‘मेमरीज’ हेच.