पुवाची बाटली आणि तीन दिवसांचा रिपोर्ट

गेल्या पावसाळ्यात पन्नाशीचे एक शेतकरी पाठीवर काळपुळी घेऊन माझ्याकडे आले. मधुमेह जुना, पथ्याच्या नावाने आनंद. काळपुळीला चाळणीसारखी तोंडे पडून पू येत होता. मी सेफालेक्सिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. चौथ्या दिवशी ते परत आले तेव्हा सूज वाढली होती, अंगात ताप होता. "डॉक्टरसाहेब, यांना जरा जोरदार औषध द्या," त्यांच्या मंडळी म्हणाल्या. जोरदार म्हणजे नेमके कोणते, हे मलाही तेव्हा सांगता येत नव्हते. मधुमेही रुग्णाचा पू पहिल्याच दिवशी तपासायला पाठवायला हवा होता. ती चूक माझीच.

सर्जननी चीर देऊन पू काढला. निम्मा इलाज तिथेच होतो, कारण साठलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही. थोडा पू निर्जंतुक बाटलीत घालून जिल्ह्याच्या लॅबोरेटरीत कल्चर व सेन्सिटिव्हिटीसाठी पाठवला.

"रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग याला तीन दिवस का?" हा प्रश्न नेहमीचा. कारण इथे शेती करावी लागते. पू काचपट्टीवर रंगवून पाहिला की जांभळे गोल जंतू घडाने दिसतात. द्राक्षाच्या घडाला ग्रीक भाषेत स्टॅफिली म्हणतात, त्यावरून हे स्टॅफिलोकोकस. पण नुसत्या दिसण्यावरून कोणते औषध चालेल ते कळत नाही. म्हणून पू पोषक थरावर पसरून उबवणी पेटीत ठेवतात. दुसऱ्या दिवशी ठिपके उगवतात. ऑरियस या त्रासदायक जातीचे ठिपके बहुधा सोनेरी असतात, आणि ती रक्तद्रव गोठवते, त्यावरून तिची ओळख पटते.

मग खरी परीक्षा. हे जंतू सलाइनमध्ये ठरावीक गढूळपणा येईपर्यंत मिसळून नव्या ताटलीवर सारखे पसरतात आणि वर औषध भिजवलेल्या कागदाच्या लहान चकत्या ठेवतात. रात्रभरात औषध सभोवार झिरपते. जंतू मेला किंवा वाढ खुंटली तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उरते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. ही पद्धत 1966 साली बावर, किर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमबद्ध केली.

इथे एक गैरसमज दूर करतो. ज्याचे वर्तुळ मोठे ते औषध चांगले, असे मुळीच नाही. प्रत्येक औषधाची फूटपट्टी निराळी. ऑरियसला सेफॉक्सिटिनचे वर्तुळ 21 मिलिमीटर किंवा कमी आले तर जंतू दाद न देणारा, म्हणजे 'आर'. डॉक्सिसायक्लिनचे मात्र 16 आले तरी 'एस', म्हणजे औषध लागू. शिवाय सेफॉक्सिटिन हे इथे प्रतिनिधी असते. ते नापास झाले की क्लॉक्सासिलिन, सेफालेक्सिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ही सारी भावंडे नापास. अशा जंतूला एमआरएसए म्हणतात. मेथिसिलिन वापरात आल्यावर दोनेक वर्षांत, 1961 साली, इंग्लंडमध्ये त्याची पहिली नोंद झाली. व्हँकोमायसिनचा रेणू मोठा, तो थरात सावकाश झिरपतो. म्हणून त्याची परीक्षा चकतीवर न घेता कमीतकमी किती मात्रेने वाढ थांबते ते पाहून घेतात.

आमच्या रुग्णाचा रिपोर्ट आला: सेफॉक्सिटिन 16, आर. डॉक्सिसायक्लिन 22, एस. म्हणजे माझ्या कॅप्सूलचा त्या जंतूवर काहीच परिणाम होत नव्हता. चीर दिल्यावर ताप उतरलाच होता, म्हणून महागडी इंजेक्शने न देता डॉक्सिसायक्लिन आणि साखरेसाठी इन्सुलिन सुरू केले. "एवढ्या स्वस्त गोळीने होईल?" अशी शंका आलीच. तीन आठवड्यांत जखम भरत आली.

नमुना कसा द्यावा हेही सांगतो. शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यावा. घरातली औषधाची किंवा मसाल्याची बाटली धुऊन आणू नये, लॅबोरेटरीचीच बाटली घ्यावी. आधी गोळ्या घेतल्या असतील तर त्यांची नावे लपवू नयेत. मेडिकलमधून परस्पर आणल्या असतील तरी. आणि गळू घरी पिळू नये.

परवा तेच गृहस्थ मुलीच्या मांडीचे गळू दाखवायला आले. जुना रिपोर्ट लॅमिनेट करून आणला होता. "हीच गोळी द्या," म्हणाले. मी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि कंपाउंडरला नवी बाटली आणायला सांगितले.