बंदिवासातील शौर्य : लेखांक पाचवा
रावळपिंडीची भिंत

युद्धकैदी या शब्दाभोवती आपल्याकडे अजूनही एक संकोच घोटाळत असतो. जो परतला नाही त्याचे स्मारक होते, जो जिंकून आला त्याची मिरवणूक निघते. पण जो शत्रूच्या कैदेत वर्ष काढून आला त्याच्याविषयी, 'म्हणजे शरण गेला होता की काय?' हा प्रश्न आमच्या कळंबच्या पारावरही दबक्या आवाजात निघेल, आणि विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा असेलच असेही नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या एप्रिलात, आजच्या इराकमधील कूत-अल-अमारा येथे उपासमारीने जर्जर होऊन ब्रिटिश हिंदी फौजेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांपुढे शस्त्रे खाली ठेवावी लागली, तेव्हाचे शौर्य सोसण्याचे होते. आज ज्याची हकीकत सांगावयाची आहे तो सोसत बसण्यास मुळातच तयार नव्हता.

दिलीप कमलाकर पारुळकर हे १९६३ साली भारतीय वायुसेनेत दाखल झाले. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या माऱ्याने विमान निकामी होऊ लागलेले आणि उजवा खांदा जखमी झालेला असताना, उडी टाकण्याचा सल्ला बाजूस सारून त्यांनी ते विमान तळावर सुखरूप उतरविले व वायुसेना पदक मिळविले. आपण कधी शत्रूच्या हाती सापडलो तर निसटण्याचा प्रयत्न केल्यावाचून राहणार नाही, हे त्यांनी आपल्या वरिष्ठाला १९७१ च्या पुष्कळ आधी बोलून दाखविले होते. त्या वर्षी १० डिसेंबरला त्यांचे सुखोई विमान पश्चिम आघाडीवर पाडले गेले आणि फ्लाइट लेफ्टनंट पारुळकर रावळपिंडीच्या छावणीत जाऊन पडले. तेथे आपले बारा वैमानिक होते.

येथे कायद्याचे एक कलम समजून घेणे अगत्याचे आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे कैद्याने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख व सैनिकी क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक असते. आणि पळून जाण्याचा त्याचा फसलेला प्रयत्न हा गुन्हा न मानता केवळ शिस्तभंग मानावा, त्यास तीस दिवसांहून अधिक शिक्षा देऊ नये, असा दंडक आहे. तो यशस्वी होऊन स्वपक्षाकडे पोचला व पुढे कधी पुन्हा पकडला गेला, तर जुन्या पलायनाबद्दल त्याला शिक्षाच नाही. चोराने तुरुंग फोडणे आणि सैनिकाने छावणी फोडणे यांत जगातील राष्ट्रांनी हा जो भेद मान्य केला आहे, तो आपल्या लोकमताने अद्याप पुरता केलेला नाही.

कागदावर तीस दिवस असले, तरी अंधारात पहारेकऱ्याच्या बंदुकीतून सुटणाऱ्या गोळीला करार वाचता येत नाही, ही गोष्टही तितकीच खरी. म्हणूनच पारुळकर, फ्लाइट लेफ्टनंट गरेवाल आणि फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी यांनी केलेली तयारी मला प्रत्यक्ष पलायनाहून अधिक विलक्षण वाटते. कैद्यांना मिळणाऱ्या तुटपुंज्या भत्त्यातून पैसे साठविणे. एका नकाशापुस्तकावरून सरहद्दीचा मार्ग बेतणे. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र सिद्ध करणे. वैमानिकाच्या पोशाखातील रबरी पिशव्यांतून पाणी नेण्याची योजना करणे. आणि दिवसा सर्वांशी हसूनखेळून वागत रात्री खोलीच्या भिंतीतील विटा एकेक करून सैल करणे, हे सारे महिनोन्‌महिने चालले, आणि मागे राहणाऱ्या सोबत्यांनी स्वतःच्या सुटकेची आशा नसताना त्यास हातभार लावला.

१३ ऑगस्ट १९७२ च्या मध्यरात्रीनंतर, वादळाच्या आडोशाने, तिघे त्या भोकातून बाहेर पडले. शिवनेरीच्या परिसरातील वाचकाला येथे आग्र्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तीही सुटका ऑगस्टातलीच, १६६६ सालची. पण शिवाजी महाराजांना बाहेर स्वतःची माणसे होती, या तिघांना बाहेर कोणीच नव्हते. तेव्हा ही तुलना फार ताणू नये.

बसने पेशावर, पुढे टांगा, काही पायपीट, पुन्हा बस, असे करीत ते सकाळीच खैबर खिंडीतील लंडी कोतल येथे पोचले. अफगाण हद्द तेथून अवघी चार मैल, म्हणजे दोन कोस. घात झाला तो एका नावाने. नकाशावर पुढचे रेल्वे स्थानक म्हणून लंडी खाना दिसत होते, म्हणून त्यांनी तिकडची वाट विचारली. आणि ते स्थानक तर १९३२ सालीच बंद पडले होते! त्या काळी पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत असत. हे त्यांच्यापैकीच असावेत असा संशय येऊन तिघांची रवानगी तहसीलदाराच्या कचेरीत झाली. त्या मुलखात बेवारस माणसाचा निकाल लावायला फार सोपस्कार लागत नाहीत, हे ओळखून पारुळकरांनी पाकिस्तानी वायुसेनाप्रमुखांचे परिसहायक स्क्वाड्रन लीडर उस्मान यांना दूरध्वनी लावण्याचा आग्रह धरला. हे उस्मान पूर्वी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते. त्यांनी ओळख पटविली आणि तिघांचे प्राण वाचले. डाव फसल्याच्या घटकेला सुचलेले हे प्रसंगावधान भिंत फोडण्याच्या धाडसाहून मी रेसभरही उणे मानीत नाही. शत्रुपक्षातील त्या अधिकाऱ्याची सचोटीही येथे नमूद केली पाहिजे.

पुढे लायलपूरच्या छावणीतून १ डिसेंबर १९७२ रोजी सर्व वैमानिक वाघा येथे स्वदेशी परतले. पारुळकर ग्रुप कॅप्टन या हुद्द्यापर्यंत चढले, विशिष्ट सेवा पदकाचे मानकरी झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात निवर्तले.

आंबेगाव-जुन्नर तालुक्यांतील ज्या घरांतून कोणी शत्रूच्या छावणीत दिवस काढले असतील, त्यांनी तेथून आलेली पत्रे, पगारपत्रके वा नुसत्या तोंडी आठवणी असतील तरी त्या आता लिहून ठेवाव्यात. मूळ कागद कोणाच्याही हवाली न करता त्यांच्या नकला काढाव्यात, आणि घरातल्या मुलांना ती गोष्ट मोकळेपणाने सांगावी.