दोन भाषांच्या वेशीवर

बीड जिल्ह्यात एखाद्या घरी १९४८ पूर्वीचा, निजामी अमलातला उर्दू कागद निघतो. त्यावर साल असते १३३० फसली. तर्जुमा करणाऱ्याने तो इसवी सन समजला, तर पणजोबांची जमीन जवळजवळ सहा शतके मागे जाते! ५९० मिळवले की खरे साल येते १९२०-२१. उर्दूही बरोबर, मराठीही बरोबर. घोटाळा झाला तो वेशीवर.

संगणकातही असेच होते. आज एकच प्रोग्राम पुष्कळदा दोन भाषांत लिहितात. १९५७ साली आलेली फोरट्रान यादीची मोजणी सहसा एकापासून करते; तिच्या मागून आलेली ‘सी’ शून्यापासून. ‘सी’ने ३ हा आकडा चौथ्या नगासाठी धाडला, तर फोरट्रान तिसराच नग काढून देते. यंत्र तक्रार करीत नाही; उत्तर तेवढे चुकते.

मी मराठीचा मास्तर. मला ही व्याधी तर्जुम्याचीच वाटते. उपायही तोच. दोन्ही घरांची झडती घेत बसू नये, आधी वेशीवर उभे राहावे. हाताने उत्तर काढता येईल अशी पाच आकड्यांची यादी घ्यावी. निघताना काय दिले आणि पोचल्यावर काय मिळाले, ते दोन्हीकडे छापून पाहावे. आकडे जिथे फिरतात, तिथेच चोर. दुरुस्ती मात्र एकाच जागी करावी, आणि शेजारी कारण लिहून ठेवावे, पुढच्या वाचणाऱ्यासाठी!